काचेवरचा चित्ता, गेंडा आणि न सापडणारा क्वागा

प्रश्न थोडक्यात असा आहे: गिरगावातल्या चाळीतली खोली रिकामी करताना माळ्यावर एक लाकडी पेटी मिळाली. आत चाळीसेक काचेच्या निगेटिव्ह, बहुतेकांवर पिंजऱ्यातले प्राणी. पेटीच्या झाकणावर ‘व्हि. गार्डन’ (व्हिक्टोरिया गार्डन, म्हणजे भायखळ्याची राणीची बाग) एवढंच लिहिलंय. एका काचेवर चित्ता, एकीवर गेंडा आणि एकीवर पुढच्या अंगालाच पट्टे असलेला झेब्र्यासारखा प्राणी. तो क्वागा, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला आता नामशेष झालेला झेब्र्याचा प्रकार, असावा असं घरात कुणाला तरी वाटतंय. काचा साफ कशा करायच्या, स्कॅन कशा करायच्या आणि प्राणी कोणता हे ठरवायचं कसं?

क्वागाची आशा आधी सोडून द्या, म्हणजे बाकीच्या काचांकडे नीट लक्ष जाईल. जिवंत क्वागाची म्हणून आज पाचच छायाचित्रं माहीत आहेत, आणि पाचही एकाच मादीची. ती 1851 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणीसंग्रहालयात आली, 1872 मध्ये तिथेच मेली. फ्रँक हेस आणि फ्रेडरिक यॉर्क या दोघांनी 1863 ते 1870 या काळात तिची छायाचित्रं काढली. शेवटचा क्वागा 12 ऑगस्ट 1883 रोजी ॲमस्टरडॅमला मेला. त्यामुळे तुमच्या काचेवर एक तर मागचं अंग काळवंडलेला साधा झेब्रा आहे, किंवा त्या पाचांपैकी एकाची नक्कल आहे.

नक्कल ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. काच उजेडासमोर धरा आणि प्राण्याच्या पोटाखालची सावली पाहा. तिथे ओळीने मांडलेले बारीक ठिपके दिसले तर पुस्तकात किंवा मासिकात छापलेल्या चित्राचा तो फोटो आहे. ठिपके नसले तरी काचेच्या कडेला कागदाची किनार, टाचणीचं डोकं, पानाची घडी दिसते का ते बघा. वर्गात आणि व्याख्यानात दाखवायला अशा नकला सर्रास करत. पेटी मुंबईत सापडली म्हणून आतलं प्रत्येक चित्र मुंबईत काढलेलं असेल असं नाही. झाकणावरचा मजकूर पेटीबद्दल आहे, तो चाळीस काचांना एकदम लावू नका.

आता वस्तू कोणती ते पाहू, कारण साफसफाई त्यावर ठरते. काचेच्या निगेटिव्ह मुख्यत: दोन जातींच्या. 1851 पासून चाललेली ओली कोलोडियन प्लेट आणि 1880 च्या आसपास बाजारात रुळलेली जिलेटिनची कोरडी प्लेट. ओल्या प्लेटची काच जाड, कडा हाताने कापलेल्या, चित्र धरणारा थर ओतून पसरवलेला असल्यामुळे एखाद्या कोपऱ्यात तो कमी-जास्त साचलेला, कधी अंगठ्याची जागा कोरी, आणि चित्राचा रंग दुधाळ कॉफीसारखा. कोरडी प्लेट कारखान्यात बनलेली: थर सगळीकडे सारखा, रंग करडा-काळा, आणि जुनी झाल्यावर कडांना निळसर, आरशासारखी चमक येते. ती चमक चांदीची आहे, मळ नाही. पुसायला जाऊ नका, पुसली जाईल आणि तिच्याबरोबर चित्रही जाईल.

मापंही टिपून ठेवा. पाव प्लेट 3¼ × 4¼ इंच, अर्धी प्लेट 4¾ × 6½, पूर्ण प्लेट 6½ × 8½. 3¼ इंचाची चौकोनी, काळ्या कागदी पट्टीने दोन काचा जोडलेली वस्तू असेल तर ती मॅजिक लँटर्नची (पडद्यावर चित्रं दाखवणाऱ्या जुन्या यंत्राची) स्लाइड, म्हणजे पॉझिटिव्ह. त्या विकत मिळत, त्यामुळे त्यांचा राणीच्या बागेशी संबंध असेलच असं धरू नका.

साफसफाई फक्त काचेच्या बाजूची करायची. थराची बाजू तिरप्या उजेडात मंद दिसते, काचेची चकाकते. थराला रबरी ब्लोअरची हवा आणि फार तर मऊ ब्रशचा एक हात, बस. पाण्याने जिलेटिन फुगतं. अल्कोहोलने कोलोडियनवरचं व्हार्निश आणि खुद्द थरही विरघळतो. काचेच्या बाजूला निम्मं डिस्टिल्ड पाणी, निम्मं इथेनॉल घ्या, कापसाचा बोळा त्यात बुडवून घट्ट पिळा, कडेपासून एक सेंटिमीटर आत राहून पुसा. कडेशी गेलात तर ओल पलीकडे थराखाली शिरते. त्याआधी काचेवर लाल किंवा काळा रंग लावलेला नाही ना, हे बघा. पिंजऱ्याचे गज किंवा मागची गर्दी झाकायला छायाचित्रकार असा रंग लावत. तो रंग म्हणजे पुरावा आहे, घाण नाही.

यानंतरची गोष्ट बहुतेक लोक चुकवतात: डावं-उजवं. कॅमेऱ्यात थराची बाजू भिंगाकडे असते. म्हणून काचेची चकचकीत बाजू आपल्याकडे आणि थर पलीकडे धरला की दृश्य छायाचित्रकाराला दिसलं तसंच सुलट दिसतं. थर आपल्याकडे आला की आरशातलं. माणसाच्या चेहऱ्यात हे खपून जातं, पट्ट्यांच्या प्राण्यात अनर्थ होतो. झेब्रा असो वा वाघ, डाव्या कुशीचे पट्टे आणि उजव्या कुशीचे पट्टे वेगळे असतात आणि ते आयुष्यभर बदलत नाहीत. एकच चित्र उलटं स्कॅन झालं की कागदावर दुसराच प्राणी जन्माला येतो. दोन काचांवरचा वाघ एकच आहे का हे ठरवताना दोन्ही काचांची बाजू पक्की असल्याशिवाय तुलना करूच नका, आणि करताना डावी कूस डाव्या कुशीशीच. लंडनची ती क्वागा मादी पाचही चित्रांत तीच, हे याच मार्गाने पडताळता येतं.

बाजू तपासायला आयती खूण बहुतेक वेळा काचेतच असते. थरावर सुईने खरवडलेला क्रमांक काचेच्या बाजूने सरळ वाचता आला तर सगळं जागेवर आहे. पिंजऱ्यावरची पाटी, माणसाच्या कोटाची गुंडी, साडीचा पदर यांचीही साक्ष काढा. प्लेट होल्डरमध्ये उलटी भरली जाण्याची चूक तेव्हाही व्हायची. अशा वेळी पाटीवरच्या अक्षरांचं ऐका, नियमाचं नको.

आता रंग, कारण प्राणी ओळखताना सगळ्यात मोठी फसवणूक इथे होते. ओली प्लेट आणि सुरुवातीची साधी कोरडी प्लेट फक्त निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा अदृश्य प्रकाश ओळखते. पिवळा, नारिंगी, तांबडा तिच्या लेखी काळोख. नंतर आलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटला हिरवा-पिवळा दिसू लागला, तांबडा तरीही नाही. सगळे रंग पाहणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेट 1906 पासून विकत मिळायला लागल्या, पण म्हणून सगळ्यांनी लगेच वापरल्या असं झालं नाही.

याचा परिणाम वाघावर बघा. नारिंगी कातडं गडद पडतं, काळे पट्टे त्यात बुडतात, आणि प्रिंटमध्ये एक काळपट, जेमतेम पट्टेवाला प्राणी उरतो. ‘काळा वाघ’ म्हणून मिरवलेली जुनी चित्रं बघताना हे आधी आठवावं. झेब्र्याच्या मागच्या अंगावर मुख्य पट्ट्यांमध्ये तपकिरी छाया-पट्टे असतील तर ते काळ्याला जाऊन मिळतात आणि पुठ्ठा (मागच्या मांडीचा वरचा भाग) एकरंगी भासतो. तुमचा ‘क्वागा’ बहुधा असाच तयार झाला असणार. खुद्द क्वागाचं तपकिरी अंगही त्या पाच चित्रांत असावं त्यापेक्षा गडद आलेलं आहे, हे धरूनच ती पाहावीत.

प्लेट कोणत्या रंगाला आंधळी होती हे कळायला चित्रातलीच एखादी ओळखीच्या रंगाची वस्तू धरा. मुंबईत यासाठी फार सोयीचं गिऱ्हाईक म्हणजे जुना पोलीस शिपाई: निळा गणवेश, पिवळी टोपी. पिंजऱ्याशेजारी तो उभा असेल आणि त्याची टोपी काळी आली असेल तर प्लेट साधी. टोपी फिकट आली असेल तर निदान ऑर्थोक्रोमॅटिक. मग फुललेला गुलमोहर, लाल लुगडं किंवा टपालाची पेटी शोधा. तांबडं जर करडं आलं असेल, काळं नव्हे, तर प्लेट पॅनक्रोमॅटिक असण्याची शक्यता वाढते. शिपाई नसेल तर विटांची भिंत आणि पानं यांच्यावरही काम भागतं, फक्त खात्री थोडी कमी.

आता चित्त्याकडे येऊ. आपल्याकडे बिबट्याला चित्ता म्हणण्याची सवय आजही गेलेली नाही, आणि जुन्या इंग्रजी नोंदींत चित्त्याला ‘हंटिंग लेपर्ड’ म्हणत, म्हणजे गोंधळ दोन्ही बाजूंनी. त्यात निळ्यापुरती डोळस प्लेट भर घालते. बिबट्याच्या ठिपक्यांच्या कड्यांमधला भाग बाहेरच्या अंगापेक्षा जास्त पिवळट-तांबूस असतो. तो गडद पडला की कडं भरून येतं आणि चित्त्याच्या भरीव ठिपक्यासारखं दिसतं. म्हणून ठिपक्यांवर निकाल देऊ नका. तोंड बघा: डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी काळी रेघ फक्त चित्त्याला. मग लहान डोकं, खोल छाती, आत ओढलेलं पोट आणि लांब पाय. तोंड फिरवलेलं असेल तर पायांवरून अंदाज करा आणि ‘अंदाज’ असंच लिहा.

समजा खरंच चित्ता निघाला, तरी तो ‘भारतातला शेवटच्यांपैकी एक’ असं लिहू नका. भारतातले अखेरचे ज्ञात तीन चित्ते 1947 मध्ये कोरिया संस्थानात (आताच्या छत्तीसगडमध्ये) मारले गेले आणि 1952 मध्ये ही जात देशातून नष्ट झाल्याचं जाहीर झालं, हे खरं. पण शिकारीचे चित्ते पाळणाऱ्या संस्थानांनी, त्यात आपलं कोल्हापूरही आलं, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आफ्रिकेतून चित्ते मागवले होते. आफ्रिकी की आशियाई हे काळ्या-पांढऱ्या काचेवरून ठरत नाही. गळ्यात रुंद पट्टा, डोळ्यांवर चामड्याची टोपडी, खाली खाट किंवा बैलगाडी असेल तर तो शिकारी चित्ता, म्हणजे बहुधा बागेतलं चित्रच नाही.

गेंड्याच्या काचेवर मात्र वेळ घालवा. ॲडलेड प्राणीसंग्रहालयात एक गेंडा वर्षानुवर्षं भारतीय गेंडा म्हणून दाखवला गेला. 1907 मध्ये तो मेला. तो निघाला जावाचा गेंडा, बंदिवासातला शेवटचा. म्हणजे पिंजऱ्यावरची पाटीसुद्धा चुकते. शिंग पाहून काही ठरवू नका, बंदिवासातले गेंडे गजांवर घासून ते झिजवून टाकतात. कातडीच्या घड्या मोजा. बाजूने काढलेल्या चित्रात पाठीवरून आरपार जाणाऱ्या घड्या पाहा: भारतीय गेंड्यात दोन, एक खांद्यामागे आणि एक पुठ्ठ्यापुढे. खांद्यापुढची घडी पाठीपर्यंत न पोचता मागे वळते. जावाच्या गेंड्यात ती तिसरी घडीही मानेवरून पलीकडे जाते, त्यामुळे मानेवर खोगीर ठेवल्यासारखा तुकडा दिसतो. भारतीयाच्या खांद्यावर आणि पुठ्ठ्यावर रिव्हेट ठोकल्यासारखे उंचवटे, जावाच्या कातडीवर फरशीसारखी बारीक नक्षी. दोन शिंगं, अंगावर केस आणि खांद्यामागे एकच ठळक घडी असेल तर सुमात्राचा. लंडनला 1872 मध्ये आलेली ‘बेगम’ ही सुमात्राचीच, आणि ती पकडली होती चितगावला. तेव्हा बंगालकडच्या बाजूने कुठलाही गेंडा येऊ शकत होता. चित्र समोरून काढलेलं असेल तर घड्या मोजता येत नाहीत, विषय संपला.

सिंह दिसला तर पोटाखालची लोंबती कातडी पाहा. आशियाई सिंहात ती जवळजवळ नेहमी असते. पण प्राणीसंग्रहालयांत आफ्रिकी-आशियाई संकर बराच झालेला असल्यामुळे त्यावरून गीरचं नाव लावू नये. बदकांच्या काचेवर कुणी गुलाबी डोक्याचं बदक शोधत असेल तर: जिवंत पक्ष्याची प्रसिद्ध छायाचित्रं इंग्लंडमधल्या फॉक्सवॉरन पार्कच्या खासगी संग्रहातली, 1920 च्या दशकातली आहेत. तुमच्या पक्ष्याची कूस पांढरी असेल तर ती मोठी लालसरी.

प्राणी जिवंत होता का, हाही प्रश्न विचारावा लागतो. थायलसिनचं, म्हणजे टास्मानियातल्या पट्टेवाल्या शिकारी प्राण्याचं, तोंडात कोंबडी धरलेलं एक चित्र हेन्री बरेल यांनी 1921 मध्ये छापलं. छापताना कडा कापल्या होत्या. पूर्ण चित्रात मागे कुंपण आणि बांधकाम आहे, आणि तो प्राणी पेंढा भरलेला असावा असा आक्षेप पुढे घेतला गेला. तुमच्या काचांवर शंका आली तर बघा: चारही पाय, कान, शेपटीचं टोक आणि मिशा सगळंच कोरीव स्पष्ट, आणि त्याच वेळी मागची पानं हललेली, तर प्राणी हलतच नव्हता. जिवंत प्राण्याचा कान किंवा शेपटी थोडी तरी पुसट येते. ओल्या प्लेटला काही सेकंद लागत आणि ती सुकायच्या आत, मुंबईच्या उन्हात फारच लवकर, धुवावी लागे. म्हणून त्या काळातले प्राणी पहुडलेले, झोपलेले किंवा चारा खाताना दिसतात. आणि बरेल यांच्या चित्राचं झालं तसं होऊ नये म्हणून स्कॅनमधून काचेची कड कधीही कापू नका.

कालनिर्णयाला पार्श्वभूमी. बाग 1862 ची, घड्याळाचा मनोरा 1865 चा, संग्रहालयाची इमारत (आताचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) 1872 ची. घारापुरीचा दगडी हत्ती 1914 मध्ये इथे उभा राहिला. काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा पुतळा, फोर्टातून 1965 मध्ये इथे आला. तो मागे दिसला तर ‘ब्रिटिशकालीन दुर्मीळ काच’ ही कल्पना तिथेच संपली. या खुणा ‘यानंतरचं’ एवढंच सांगतात. ‘याआधीचं’ ठरवायला पिंजऱ्याची बांधणी, पाटीची लिपी आणि पेहराव एकत्र पाहावे लागतात. महापालिका आयुक्तांचे जुने वार्षिक प्रशासन अहवाल आणि बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं) 1886 पासूनचं जर्नल चाळा. जर्नलचे जुने खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

स्कॅनिंग. फ्लॅटबेड घेतलात तर पारदर्शक वस्तूंसाठी झाकणात दिवा असलेलाच हवा. पाव प्लेटला 2400 पीपीआय (इंचाला 2400 पिक्सेल) ठेवा: साधारण 7800 × 10200 पिक्सेल, 16 बिट करड्यात सुमारे 160 एमबीची टिफ फाइल. काच थेट काचेवर ठेवली तर इंद्रधनुषी वलयं येतात. कडांना मिलिमीटरभर जाडीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या देऊन ती उचला, आणि फोकस त्या उंचीला जुळतोय ना ते एका काचेवर आधी तपासा.

कॅमेऱ्याने करायचं तर मॅक्रो लेन्स, एफ 8, रॉ फाइल. 24 मेगापिक्सेलमध्ये पाव प्लेट साधारण 1100 पीपीआयला बसते. पट्टे मोजायला तेवढं पुरतं, मिशांसाठी तुकड्यांत घेऊन जोडावं लागेल. एलईडी पॅड काचेपासून 5 सेंटिमीटर खाली, नाही तर पॅडवरची धूळ चित्रात येते. काचेभोवती काळा पुठ्ठा, नाही तर बाजूचा उजेड सावल्या धुऊन टाकतो. प्रत्येक काचेचे तीन फोटो: खालून उजेड देऊन, वरून सपाट उजेडात (रंग आणि खरवडलेली अक्षरं दिसायला), आणि एका कडेने तिरप्या उजेडात (दुरुस्तीच्या पेन्सिलखुणा दिसायला). इमारत रुळांजवळ असेल तर लोकल जाताना शटर दाबू नका. पाव सेकंदाच्या एक्सपोजरमध्ये ती थरथर स्पष्ट येते. एआयने ‘स्वच्छ’ केलेली प्रत हवी तर वेगळी ठेवा. असली सॉफ्टवेअर नसलेले पट्टे आणि नसलेल्या मिशा बिनदिक्कत काढतात.

हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. पावसाळ्यात पेटी उघडू नका. 65 टक्क्यांवर आर्द्रता टिकली की जिलेटिनवर बुरशी धरते, आणि दिवसा एसी, रात्री बंद, हा खेळ तर सगळ्यात वाईट, कारण थंड काचेवर दव जमतं. बोरा बाजारात कॅमेऱ्यांसाठी मिळणारं ड्राय कॅबिनेट 40 ते 45 टक्क्यांवर लावून ठेवा. ते नको असेल तर 20 लिटरचा हवाबंद डबा, आत आर्द्रतामापक, आणि सिलिका जेल 50 ग्रॅमपासून सुरू करून आकडा पाहत वाढवा. एकदम पाव किलो ओतलं तर हवा इतकी सुकते की थराचे पापुद्रे सुटतात. डांबरगोळ्या आणि पीव्हीसीची पाकिटं नकोत. बटर पेपरही नको, आम्लविरहित कागदाची चार पाकळ्यांची घडी प्रत्येक काचेला करा. काचा लांब कडेवर उभ्या ठेवा. आडव्या रचल्या तर खालची फुटते. चाळीस काचांत एखादी फिल्म निघाली आणि तिला व्हिनेगरसारखा वास असेल तर ती ॲसिटेट. ती या डब्यात न ठेवता मोकळ्या हवेत, वेगळी. कडेला ‘नायट्रेट’ लिहिलेलं असेल तर घरात ठेवूच नका, पोस्टाने पाठवू नका, आणि पेटवून खात्री करण्याच्या फंदात तर अजिबात पडू नका. एखाद्या संग्रहालयाच्या संवर्धन विभागाला फोन करा.

नोंद एका ओळीत संपवायचा मोह टाळा. नमुना असा:

पेटी 1, खाच 17. पाव प्लेट, जिलेटिन, कडांना चांदीची चमक. काचेच्या बाजूने सुलट. थरावर क्रमांक 23, सरळ वाचता येतो. पोलिसाची टोपी काळी, म्हणजे प्लेट साधी. प्राणी: बिबट्या (डोळ्याखाली रेघ नाही), घरातल्या नोंदीत ‘चित्ता’. जिवंत: होय, शेपटी पुसट. काळ: जिलेटिन प्लेट म्हणून 1880 च्या आसपास किंवा नंतर, मागे संग्रहालयाची इमारत (1872). काचेवर लाल रंग, डावीकडचा माणूस झाकलेला.

खाच क्रमांक यासाठी की काचा ज्या क्रमाने पेटीत होत्या तो क्रम एकदा मोडला की परत मिळत नाही. 16 आणि 18 वर तोच पिंजरा असेल तर 17 चं ठिकाण आपोआप ठरतं. चोर बाजारातला दुकानदार फक्त चित्त्याची काच मागेल आणि बाकीच्या परत देईल. द्यायचीच असेल तर पेटी आख्खी द्या, झाकणासकट.